डावीकडचं इम्प्लांट बदलताना

डॉक्टरांनी माझ्या डाव्या छातीतून सुईने पाणी काढलं, सिरिंज उजेडाकडे धरली आणि म्हणाल्या, "हा सिरोमा आहे. इम्प्लांटच्या भोवती पाणी साठलंय. ऑपरेशननंतर लगेच असं झालं असतं तर मी काळजी केली नसती. पण तुमच्या ऑपरेशनला सात वर्षं झालीत. हे पाणी तपासायला पाठवू."

"कशासाठी?" मी विचारलं.

"लिम्फोमा नावाचा एक कॅन्सर क्वचित इम्प्लांटच्या भोवती होतो. तो स्तनाच्या कॅन्सरपेक्षा वेगळा. बहुतेकींचा रिपोर्ट चांगला येतो. पण बघितल्याशिवाय मी तुम्हाला सोडणार नाही."

पुढचं मला फारसं ऐकू आलं नाही. कॅन्सर हा शब्द सात वर्षांनी परत कानावर पडला होता.

मी नगर जिल्ह्यातल्या बेलापूरला ब्लाऊज शिवते. एकोणचाळिसाव्या वर्षी माझ्या डाव्या स्तनात गाठ निघाली. पुण्यात मॅस्टेक्टॉमी झाली, म्हणजे स्तन काढला, आणि त्याच जागी सिलिकॉनचं इम्प्लांट बसवलं. हे माहीत होतं माझ्या नवऱ्याला आणि थोरल्या जाऊबाईंना. त्यांना मी अक्का म्हणते. गावाला सांगितलं होतं, साधी गाठ काढली.

या खेपेला सुरुवात कशी झाली ते सांगते, कारण ते तुमच्या उपयोगाचं आहे. माझाच ब्लाऊज डावीकडे ताणायला लागला. मी टेप लावून मोजलं. महिनाभराने परत मोजलं तर पाऊण इंच वाढलं होतं. मी काय केलं? बाजूची शिलाई उसवली, ब्लाऊज सैल केला आणि गप्प बसले. दुखत नव्हतं ना! तुम्ही असं करू नका. एक बाजू अचानक फुगली, कडक झाली, तर त्याच आठवड्यात दाखवा.

डॉक्टरांनी विचारलं, "कुठल्या प्रकारचं इम्प्लांट आहे?" मला सांगता येईना. "ऑपरेशननंतर एक कार्ड दिलं असेल," त्या म्हणाल्या. घरी येऊन मी दोन पेट्या पालथ्या घातल्या. कार्ड सापडलं ते लग्नाच्या शालूच्या घडीत. मीच लपवलं होतं, आणि मीच विसरले होते.

कार्डावर लिहिलं होतं, टेक्श्चर्ड. म्हणजे वरून खरखरीत. हलू नये म्हणून तसं करतात, पण हा लिम्फोमा मुख्यतः त्याच प्रकाराशी जोडलेला आढळलाय, असं डॉक्टरांनी समजावलं. एमआरआय केला, त्या बोगद्यात पालथं झोपून. त्यात दिसलं की इम्प्लांटच्या आवरणाला चीर गेलीय आणि भोवतीची कॅप्सूल जाड झालीय. कॅप्सूल म्हणजे परक्या वस्तूभोवती शरीर स्वतःहून विणतं ते वेष्टण. "हे काढावं तर लागणारच," डॉक्टर म्हणाल्या. "त्या जागी गुळगुळीत प्रकारचं बसवता येईल. किंवा काहीच न बसवता सपाट ठेवता येईल. पाण्याचा रिपोर्ट येऊ दे. तोवर तुम्ही विचार करा."

रिपोर्टला बारा दिवस लागले. त्या दिवसांत माझा एका जागी पाय ठरत नव्हता. मशीनवर बसायचे, चार टाके घालून उठायचे. एका गिऱ्हाइकाच्या दोन्ही बाह्या उजव्याच कापल्या. भाजी फोडणीला टाकून प्रवरेच्या पुलापर्यंत चालत गेले आणि परत आले तेव्हा शेजारीण गॅस बंद करून दारात उभी होती. फोन वाजला की दचकायचे, नाही वाजला की उचलून बघायचे.

एका संध्याकाळी नवरा म्हणाला, "काढूनच टाकू ना आता. परत बसवायचं कशाला? मला काही फरक पडत नाही."

तो प्रेमाने बोलला, मला माहीत होतं. पण मी ताटावरून उठले. मला फरक पडत होता, आणि त्याचीच मला लाज वाटत होती. जिवाशी गाठ असताना मी आकाराचा विचार करत होते.

अक्का भाकरी थापत होत्या. हात न थांबवता माझ्या नवऱ्याला म्हणाल्या, "तुमाला फरक न्हाई पडत, बरं हाय. पर अंग तिचं हाय ना? तिला इचारलं का?" मग माझ्याकडे वळल्या. "तुला पायजे का?"

"पाहिजे," मी म्हणाले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मोठ्याने म्हणाले.

"मग झालं. लाजायचं काय त्यात?"

बाराव्या दिवशी फोन आला. पाण्यात लिम्फोमाच्या पेशी नव्हत्या. मी फोन अक्कांच्या हातात दिला आणि ओट्याला टेकून खाली बसले.

ऑपरेशन नगरला झालं. आदल्या दिवशी डॉक्टरांनी स्केचपेनने छातीवर रेघा मारल्या. मी रोज खडूने कापडावर मारते तशाच. जुनं इम्प्लांट आणि सगळी कॅप्सूल काढली, नवीन गुळगुळीत बसवलं. शुद्धीवर आले तेव्हा कुशीतून एक नळी बाहेर आली होती. तिला ड्रेन म्हणतात, आतलं पाणी त्यातून बाटलीत उतरतं. अक्का रोज बाटलीवरची रेघ बघून वहीत आकडा लिहायच्या. सहाव्या दिवशी नळी निघाली.

काढलेली कॅप्सूलही तपासणीला गेली होती. म्हणजे पुन्हा तीच वाट बघणं. हे मला आधी कोणी सांगितलं नव्हतं, म्हणून तुम्हाला सांगते: एका चांगल्या रिपोर्टने सगळं संपत नाही. तोही चांगला आला, पण ते आठ दिवस पहिल्या बारांपेक्षा जड गेले.

नवीन इम्प्लांट जास्त गोल आहे, जरा जास्त हलतं. उजव्या बाजूशी तंतोतंत जुळत नाही. डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं, "हेही कायमचं नाही. अधूनमधून तपासणी करावी लागेल." मी अजून झोपेत दचकून डाव्या कुशीवर हात ठेवते. ते जाईल की नाही, माहीत नाही.

गेल्या महिन्यात श्रीरामपूरहून एक बाई ब्लाऊज शिवायला आली. पदर गच्च ओढलेला. "माप नका घेऊ," ती म्हणाली, "या जुन्यावरून शिवा." मी ब्लाऊज उलटा केला. एका बाजूला आतून चिंध्यांची उशी टाचली होती.

मी पडदा ओढला. "माझंही ऑपरेशन झालंय," मी म्हणाले.

तिने मान वर केली. "कुठल्या बाजूचं?"

"ओळखा."

ती बराच वेळ बघत राहिली. "उजव्या बाजूचं," ती म्हणाली.

मी नकारार्थी मान हलवली, आणि आम्ही दोघी हसलो. हसता हसता तिने डोळे पुसले, पदर खाली सोडला आणि हात बाजूला घेऊन उभी राहिली.

"घ्या माप," ती म्हणाली.