दत्ताची नाळ आणायला गेले

पुण्याहून बीडकडे जाणाऱ्या सकाळच्या लाल गाडीत मी खिडकीजवळची जागा धरली. कंडक्टरनं विचारलं, "कुठं?" मी म्हणाले, "लिंबागणेश." कशाला, असं त्यानं विचारलं नाही ते बरं झालं. मला सांगता आलं नसतं.

माझा धाकटा भाऊ दत्ता, वय सव्वीस, गावाकडे घरची मेंढरं राखायचा. साध्या तापाचा न्यूमोनिया झाला आणि दोन्ही फुफ्फुसं निकामी झाली. पुण्यातल्या एका दवाखान्यात तो तीन आठवडे यंत्रावर होता. हे यंत्र मांडीतल्या नळीनं रक्त बाहेर काढतं, त्यात प्राणवायू मिसळतं आणि मानेतल्या नळीनं परत आत सोडतं. एक नळी काळपट, दुसरी लालभडक. यंत्र फुफ्फुसं बरी करत नाही, फक्त वेळ देतं, असं डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. आता त्यांनीही हात टेकले होते. यंत्र थांबवायला घरच्यांची संमती हवी होती. वडील नाहीत, आईला लिहिता येत नाही, म्हणून सही माझी.

शेवटचा प्रयत्न म्हणून मीच मूळपेशींचं विचारलं. डॉक्टर म्हणाले, नाळेतून काढलेल्या पेशी प्रयोगशाळेत वाढवून अशा फुफ्फुसांवर वापरून बघताहेत, पण ते अजून संशोधनच आहे, दत्तासाठी त्यातलं काही हाती नाही. शेजारी बसलेल्या आईनं त्यातली नाळ तेवढी उचलली. आमच्याकडे पोराची वाळलेली नाळ जपून ठेवतात. पोर फारच आजारी पडलं की उगाळून चाटवतात.

"सुमे, दत्ताची नाळ घरी ट्रंकेत हाय," आई म्हणाली. "घेऊन ये. तू येस्तोवर मशीनला कुणी हात लावायचा न्हाई."

मी शाळेत विज्ञान शिकवते. तिला समजावणं मला जमलं असतं. पण खरं सांगायचं तर मला त्या सहीपासून पळायचं होतं.

कड्याला गाडी थांबली. साखर कारखान्याचं गाव, हवेत मळीचा गोडूस वास. शेजारच्या बाईंनी फडकं सोडून भाकरी-ठेचा पुढे केला. मी नको म्हणाले.

"कावून (का) न्हाई खात? तोंड लई सुकलंय तुमचं."

"भाऊ दवाखान्यात हाय, पुण्याला."

"आन् तुमी गावाकडं चाल्लाव?"

मी भाकरी घेतली आणि सगळी खाल्ली. इतकी भूक लागली होती याची लाज वाटली.

पाटोद्याच्या पुढे गाडी पंक्चर झाली. स्टेपनीत हवा नव्हती. बालाघाटाचे बोडके डोंगर, मध्येच सीताफळीची झुडपं, उतारावर कुणाची तरी मेंढरं. सगळे प्रवासी ड्रायव्हरच्या नावानं बोटं मोडत होते. मी एकटीच दगडावर निवांत बसले होते. मी परत पोचेपर्यंत यंत्र चालणार होतं. गाडीला जितका उशीर, तितका दत्ता जास्त.

लिंबागणेशला उतरून वस्तीवर चालत गेले. मागं राहिलेल्या मेंढरांना चुलती बघत होती. वाघरीत (मेंढरांभोवती लावायच्या जाळ्यात) ती एका कोपऱ्यात गोळा होऊन उभी होती.

"नीट चरंनात बघ," चुलती म्हणाली. "त्याच्या शीळ घालण्याची सवय हाय त्यांला. कवा येतोय त्यो?"

"बघू," मी म्हणाले.

आईच्या ट्रंकेत तळाशी जुनी चंची (पानसुपारीची कापडी पिशवी) सापडली. आत वाळक्या काटकीएवढे दोन तुकडे. एकाला पिवळा दोरा, दुसऱ्याला काळा. मी फोन लावला.

"माय, यात दोन हायेत."

"पिवळ्या दोऱ्याची दत्ताची, काळ्याची तुझी. दोन्ही आन."

"माझी कशाला?"

"त्याची न्हाई लागली तर तुझी लागंल. एकाच पोटातली हायेत की."

मी फोन ठेवला आणि ट्रंकेवर डोकं टेकून रडले. अवयव द्यायचा झाला तर भावंडाचं भावंडाला लागतं, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघताना गणपतीच्या देवळात गेले. चुलतीनं नारळ दिला होता. दत्ता वाचू दे, असं मागायला तोंड उघडेना. सुटू दे, हेही म्हणवेना. नारळ ठेवला आणि परत फिरले.

दवाखान्यात आई दारातच उभी होती. तिनं चंची डॉक्टरांच्या हातात दिली. डॉक्टर हसले नाहीत. खुर्ची ओढून तिच्यासमोर बसले आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. आईनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"म्हंजी दोन्हीतली एक बी लागायची न्हाई?"

"नाही, आई."

मग मी सही केली. आईनं दत्ताची नाळ त्याच्या मुठीत ठेवून बोटं मिटली. प्राणवायू बंद केला तशी लाल नळी हळूहळू काळवंडत गेली. थोड्या वेळानं दोन्ही नळ्या सारख्याच दिसायला लागल्या.

त्याला घेऊन त्याच रस्त्यानं परत निघालो. कडा गेलं, पाटोदा गेलं. आपण उशिराला किती नावं ठेवतो, आणि मी त्या रस्त्यावर आणखी एका पंक्चरसाठी जीव टाकत होते. गाडी कुठंच थांबली नाही.

वस्ती दिसायला लागली तेव्हा आईनं कनवटीची चंची काढून माझ्या हातात दिली. आत काळ्या दोऱ्याचा एकच तुकडा होता.

"तुझी तू ठीव आता," ती म्हणाली. "माझ्याच्यानं काय जपवत न्हाई."