काथ्याच्या वखारीतली चूल

लालबागच्या मोठ्या रस्त्याला लागून एक दुमजली दगडी इमारत होती. तिला सगळे काथ्याची वखार म्हणत. टपालवाला म्हणे, दूधवाला म्हणे, परळपासून भायखळ्यापर्यंतचे टांगेवाले म्हणत. पण काथ्या तिथं कुणी पाहिला नव्हता. ज्यानं पाहिला होता, खांद्यावरून वाहिला होता, तो एकच माणूस तिथं उरला होता, कुशाबा.

वेंगुर्ल्याकडच्या एका खेड्यातून मिसरूड फुटायच्या वयात तो मुंबईला आला. तेव्हा वखारीत छतापर्यंत काथ्याची भेंडोळी रचलेली असत. बंदरावरून बैलगाड्या येत आणि हमाल भेंडोळी उतरवून आत रचत. काथ्याची कुसळं मानेत रुतत, संध्याकाळी मान कढत पाण्यानं शेकावी लागे. थोरल्या मालकांनी त्याचं काम पाहिलं, इमान पाहिलं, आणि दोन-चार वर्षांतच वखारीच्या किल्ल्यांचा जुडगा त्याच्या कमरेला आला. राहायला जिन्याखालची खोली मिळाली.

पुढे काथ्याचा धंदा बसला. पहिल्या लढाईत पलटणीच्या घोड्यांचं गवत तिथं साठवलं गेलं. गवत संपलं तशी गिरण्यांची चिंधी आली. मग वरच्या मजल्यावर फळ्यांचे आडोसे ठोकून गाळे पाडले आणि ते कोकणातल्या गावकऱ्यांना भाड्यानं दिले. एकेका गाळ्यात अख्ख्या वाडीचे पुरुष. दिवसपाळीचा उठला की त्याच वळकटीवर रातपाळीचा आडवा होई. दुसऱ्या लढाईत खाली रेशनचं दुकान होतं. ते गेलं तशी मागच्या बाजूला पोरांनी लाल माती टाकून तालीम सुरू केली. इमारत तीच, पण दर दहा-बारा वर्षांनी तिला नवा वास यायचा. आणि दर वेळी कुणाला तरी "आता जागा रिकामी करा" हे सांगायची पाळी कुशाबावर यायची. मालकाचा निरोप तो आणी, शिव्या त्याला मिळत. त्याचं त्याला फारसं वाटत नसे. निरोप्याला कसलं पाप, असं तो म्हणे.

रेशनचं दुकान उठलं तेव्हा रस्त्याकडचा गाळा मोकळा पडला. त्याच सुमारास वरच्या एका कोपऱ्यात बायकोसह राहणारा लवू छातीच्या दुखण्यानं गेला. त्याची बायको अंबिका अस्थी घेऊन गावी गेली आणि महिन्याभरात परत आली. गावात तिला कुणी नव्हतं. कुशाबा तिच्याच गावचा, वयानं वडील. तिनं त्याला सांगितलं, माका चार माणसांचा रांधूक येता, तेवढी जागा बघा. कुशाबानं थोरल्या मालकांच्या पायाशी बसून तो गाळा तिला मिळवून दिला. भाडं हातोहात, पावती नाही. थोरल्या मालकांच्या वेळी पावती मागणं म्हणजे त्यांच्यावर अविश्वास दाखवणं होतं.

अंबिकेची खानावळ चालली. रुंद दारातून चूल रस्त्यावरून दिसे. रातपाळी सुटलेला माणूस धूर बघूनच आत वळे. कुळथाची पिठी, भात, शुक्रवारी बांगड्याचं तिखलं. कुशाबाचं ताट तिथंच असे. जेवून झालं की तो आपलं ताट मोरीवर नेऊन घाशी, आणि अंबिका म्हणे, "दादानू, वयनी असती तर तिका बरा वाटला असता." त्याची बायको गावीच वारली होती. हा टोमणा रोजचा होता आणि तो ऐकल्याशिवाय त्याला जेवल्यासारखं वाटत नसे.

थोरले मालक गेले. गिरगावात राहणारे त्यांचे चिरंजीव मनमोहनराव मालक झाले. शिकलेले, मृदू बोलणारे, कुशाबाला 'अहो कुशाबा' म्हणणारे. पण भिंतींना चुना लावा म्हणून तो दर दिवाळीला विनवी आणि ते दर दिवाळीला "बघू हं" म्हणत.

मग ती संयुक्त महाराष्ट्राची वर्षं आली. छप्पनच्या जानेवारीत गोळीबार झाला, गिरणगाव हडबडून गेलं आणि मग पेटून उठलं. गल्लीतल्या कार्यकर्त्यांना बसायला जागा नव्हती. फलक रंगवायला, झेंडे ठेवायला, रोजच्या बातम्या फळ्यावर लिहायला रस्त्यावरची जागा हवी होती. त्यांच्यातला माधव, गिरणीच्या हिशेबखात्यातला तरुण कारकून, एक दिवस कुशाबाकडे आला. तो किल्ली मागायला आला नव्हता. त्यानं कुशाबाला समोरच्या इराण्याकडे नेलं, खुर्चीवर बसवलं, चहा मागवला आणि म्हणाला, "कुशाबा, तुम्ही आमच्यातले. या गल्लीत तुमचा शब्द चालतो. रस्त्याकडचा गाळा आम्हाला मिळवून द्या, मुंबई मिळेपर्यंत."

चाळीसएक वर्षांत कुशाबाला लोकांनी हाका मारल्या त्या कुलूप उघडायला. त्याचा शब्द चालतो हे त्याला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. चहा त्यानं बशीत ओतला आणि खुर्चीत जरा सरळ बसला.

तो गिरगावात गेला. मनमोहनराव अडवतील, असं त्याला वाटलं होतं. ते लगेच हो म्हणाले. मराठी माणसाच्या कामाला नाही कसं म्हणायचं, बिनभाड्यानं वापरू देत. फक्त तिथं कापड, कागद असणार, तेव्हा बाईंची चूल मागच्या अंगणात न्या. कुशाबा उठला तेव्हा त्यांनी पुन्हा विचारलं, "चूल हलेल ना नक्की?"

कुशाबाला ते खटकलं. चुन्याला 'बघू' म्हणणारा माणूस अख्खा गाळा एका दमात देतो आणि चुलीचं दोनदा विचारतो. पावती नसलेल्या माणसाचा हक्क म्हणजे त्याची पेटती चूल, हे गिरणगावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. कुशाबालाही ठाऊक होतं. पण ट्राममध्ये बसल्यावर त्याच्या डोळ्यांसमोर माधवचा चेहरा आला, आणि खटकलेलं त्यानं मागं सारलं.

अंबिका पहिल्यांदा नाहीच म्हणाली. चूल हलवली तर आपल्याला कोण ओळखणार, असं तिचं म्हणणं. कुशाबानं समजावलं, पोरं जिवावर उदार झाली आहेत, आपण एवढंही करायचं नाही का. तिनं निवडलेले तांदूळ टोपात ओतले. मग म्हणाली, "तुमी सांगतास म्हणान हलवतंय. पण गाऱ्हाणा घाला. देवासमोर होवंदे काय ता."

गाऱ्हाण्यावर या लोकांचा फार विश्वास. गावी जमिनीचा तंटा असो की सोयरीक असो, देवापुढं नारळ ठेवून वडीलधाऱ्यानं बोलायचं आणि बाकीच्यांनी होकार द्यायचा. मग तो शब्द कुणी मोडत नाही. रविवारी सकाळी वरच्या गाळ्यांतले सगळे खाली उतरले. कुशाबानं अंगात धुतलेला सदरा घातला, नारळ हातात घेतला आणि डोळे मिटून गावच्या देवाला हाक घातली.

"बा देवा म्हाराजा, आज ह्या अंबिकेची चूल भायर जाता हा. मुंबय आमची झाली, पोरांचा काम झाला, की ती होती त्या जागेर परत येवंदे रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा!" सगळे म्हणाले. माधवही लाजत लाजत म्हणाला.

नारळ फुटला. त्यातलं खोबऱ्याचं एक भकल कागदात बांधून कुशाबा त्याच दिवशी गिरगावात गेला. मनमोहनरावांनी ते कपाळाला लावलं आणि खाल्लं. कुशाबा निर्धास्त झाला. ज्यानं गाऱ्हाण्याचा नारळ खाल्ला तो शब्दात बांधला गेला, त्याच्या गावी तरी तसंच होतं.

पुढचं वर्षभर कुशाबा हवेत होता. गाळ्यात पोरांची कचेरी थाटली, दाराशी फळा लागला, त्याभोवती सकाळ-संध्याकाळ माणसं गोळा होत. सभेला निघताना पोरं त्याला पुढं घालीत. म्हातारपणी त्याच्या मानेत ताठपणा आला. मागं अंगणात पत्र्याच्या आडोशाला अंबिकेची चूल धुमसत असे. लाकडं दमट, धूर बाहेर जायला वाट नाही. रस्त्यावरून काही दिसत नसल्यामुळे चालती गिऱ्हाइकं तुटली, रातपाळीवाले दुसरीकडे जाऊ लागले. ती मात्र कचेरीतल्या पोरांसाठी पिठलं-भाकरी पाठवी आणि कुशाबाला विचारी, "मुंबय कितपत इली, दादानू? लालबागापर्यंत तरी पोचली?" तो हसून म्हणे, इली इली.

सत्तावनच्या निवडणुका झाल्या. गल्लीत गुलाल उडाला. काही आठवड्यांनी कचेरीला दुसरीकडे मोठी जागा मिळाली. पोरांनी सामान हलवलं, गाळा झाडून काढला आणि माधवनं किल्ली कुशाबाच्या हातात दिली. म्हणाला, "मावशींची चूल आता आत घ्या. आम्ही हात लावू का?"

कुशाबानं मागं वळून पाहिलं. अंगणात अंबिका भाकरी थापत होती. तिला हाक मारायची, चार पोरांनी चूल उचलायची, आत ठेवायची आणि पेटवायची. घटकाभराचं काम. पण किल्ली मालकाची, आणि मालकाला विचारल्याशिवाय त्यानं आजवर एक खिळाही ठोकला नव्हता. "आधी वर्दी देऊन येतो," तो म्हणाला, आणि ट्राममध्ये चढला.

मनमोहनरावांनी किल्ली ठेवून घेतली. आधी चुना तरी लावून घेऊ, म्हणाले. चुना लागला. मग नवं कुलूप लागलं. मग एके दिवशी हातगाडीवरून रंगाचे डबे उतरू लागले. गाळा रंगाच्या एका व्यापाऱ्याला दिला होता, चांगल्या पागडीवर.

कुशाबा धावत गिरगावात गेला. गाऱ्हाण्याची आठवण करून दिली, तुम्ही नारळ खाल्लात, म्हणाला. मनमोहनराव चिडले नाहीत. "अहो कुशाबा, प्रसाद म्हणून खाल्ला. सही थोडीच केली? बाईंनी आपल्या पायांनी जागा सोडली. मागचं अंगण राहू दे त्यांना, मी काही काढत नाही."

माधव वकिलाकडे जाऊन आला. वकिलानंही तेच सांगितलं. वरच्या गाळ्यातला रघू आणि तालमीतली पोरं कुलूप तोडायला निघाली. कुशाबा, तुम्ही पुढं व्हा, म्हणाली. कुशाबा पुढं झाला नाही. त्याचे पाय जिन्याखालच्या खोलीच्या उंबऱ्याशीच अडले. त्याच मालकाच्या खोलीत त्याचं आयुष्य गेलं होतं. पोरं थोडा वेळ वाट बघून पांगली.

अंबिकेनं आरडाओरडा केला नाही. ती पदराला हात पुसत आली आणि एवढंच विचारलं, "तुमी चावी दिलास?"

"मालकाची चावी ती," कुशाबा म्हणाला.

"चूल माजी होती," ती म्हणाली आणि परत गेली.

त्या दिवसापासून तिनं त्याला टोमणा मारला नाही. ताट वाढी, भात विचारी, पण वयनीचं नाव नाही की मुंबयचं नाव नाही. कुशाबाला जेवल्यासारखं वाटेना. निरोप्याला कसलं पाप, हे वाक्य त्यानं मनाशी पुष्कळदा घोळून पाहिलं. पण या वेळी तो निरोप्या नव्हता. चूल हलव म्हणून त्यानंच सांगितलं होतं, खटकलेलं त्यानंच गिळलं होतं, आणि का गिळलं तेही त्याला माहीत होतं. एका खुर्चीसाठी आणि कपभर चहासाठी.

एकदा धीर करून तो तिला म्हणाला, जिन्याखालची माझी खोली घे, मी वर गाळ्यात पथारी टाकीन. अंबिकेनं मान हलवली. "तुमी भायर पडलास की ती पण जायत. माजा एकदा जाला, ता पुरे." बोलणं खोटं नव्हतं. त्याचं प्रायश्चित्त पदरात घेणंही तिला परवडत नव्हतं.

एकोणसाठ साली तिनं आपलं आपण रे रोडला लाकडाच्या एका वखारीशेजारी छपरी पाहिली. पावती करून घेतली आणि मगच हातगाडी बोलावली. कुशाबा भांडी उचलायला लागला तेव्हा ती नको म्हणाली नाही. गाडीमागून तो चालत गेला. टोप, परात, पाटा-वरवंटा त्यानं उतरवला. चूल कुठं मांडायची हे मात्र तिनं त्याला विचारलं नाही.

साठ सालच्या एक मेला मुंबईसह महाराष्ट्र झाला. लालबाग-परळ दिव्यांनी उजळलं. काथ्याच्या वखारीवरही माळा लागल्या, रंगवाल्यानंच लावल्या. संध्याकाळी माधव हार घेऊन कुशाबाला शोधत आला. जुन्या कचेरीच्या दारात फोटो काढायचा होता. कुशाबानं पोट बिघडल्याचं सांगितलं आणि मागच्या बोळातून बाहेर पडला. फटाक्यांचा आवाज मागं ठेवत तो रे रोडपर्यंत चालत गेला.

छपरीत लाकूडवाल्यांची पंगत बसली होती. दारातून चूल दिसत होती, स्वच्छ ज्वाळेची. अंबिकेनं त्याला पाहिलं.

"थय रोषणाई हा. तुमी हय कित्याक?"

"भूक लागली."

तिनं पाट टाकला, वाढलं. इतरांना जेवढं वाढलं तेवढंच. कुशाबा सावकाश जेवला. मनात वाक्यं जुळवत होता. चुकलं माझं, असं म्हणायचं होतं. पण पंगतीत माणसं होती, ती उठली तर दुसरी बसली. आणि खरं तर त्याला काही बोलायचं नव्हतं, ऐकायचं होतं. तिनं एकदा चार शिव्या घालाव्यात, लवूचं नाव घेऊन घालाव्यात, म्हणजे रात्री झोप तरी लागेल, असं त्याला वाटत होतं.

जेवण संपलं. सवयीनं तो ताट उचलून मोरीकडे निघाला. अंबिका आडवी आली आणि तिनं ते त्याच्या हातातून काढून घेतलं, अगदी हळू.

"ऱ्हवांदे," ती म्हणाली. "गिरायक ताट धुयत नाय."

मग ती दुसऱ्या पंगतीला भात वाढायला वळली. कुशाबा हात धुऊन बाहेर आला. उंबऱ्याशी जरा थांबला, कुणी हाक मारतंय का ते ऐकलं, आणि चपला पायात सरकवून चालू लागला.