जमिनीला न लागलेले पाय

माझी मुलगी दीड वर्षाची होऊन गेली, तरी तिचे पाय जमिनीला लागले नव्हते. लाडानं म्हणतात तसं नव्हे, खरोखरच. दोन बाळं गेल्यावर ही जगली, म्हणून आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, नवस बोलला होता : पोरीचं पहिलं पाऊल जत्रेत, देवीच्या अंगणातच पडेल. आणि त्या साली दुष्काळामुळे जत्राच भरली नाही. सगळं गाव सरकारी दुष्काळी कामावर खडी फोडायला गेलेलं. पोर आपली कडेवरून झोळीत आणि झोळीतून कडेवर.

त्यात एका संध्याकाळी आमच्या ह्यांनी वर्तमानपत्र वाचता वाचता विषय काढला. हे खर्ड्याच्या शाळेत शास्त्र शिकवायचे. माणूस चंद्रावर उतरल्यापासून ह्यांचं घरात लक्ष म्हणून नव्हतं. म्हणाले, "तिथं वजन सहावा हिस्सा. तिथं जन्मलेल्या मुलाची हाडं नाजूकच राहायची. इथं आणलं तर उभंसुद्धा राहता येणार नाही. हाडाला भार लागतो."

मी पोरीला मांडीवर घेतलं. पोरीचे तळवे चाचपले, लोण्यासारखे मऊ. शेजारचं तिच्याहून लहान पोर कोंबड्यांमागे धावत होतं. ह्यांना चंद्रावरचं मूल दिसत होतं, माझ्या मांडीवरचं नाही.

चुलीपुढून आत्याबाई म्हणाल्या, "म्हंजी आपली पोर बी तसलीच झाली का रं?"

ह्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली.

दुसऱ्या दिवशी मी पाणी घेऊन आले, तर आत्याबाईंनी पोरीला अंगणात उतरवलेलं. काखेत हात घालून उभी करत होत्या. पाय टेकले की पोरीचे गुडघे मोडत. आत्याबाईंनी तिला पुन्हा उभं केलं. देवळाच्या दिशेला बघून म्हणाल्या, "आई, राग माज्यावर काढ. पोरीवर न्हाई."

मग रोज तेच. पोर रडायची आणि मला दुहेरी धास्ती : पायांनी भार धरलाच नाही तर, आणि देवी कोपली तर. रात्री डोळ्याला डोळा लागत नसे.

पुढं पाऊसपाणी झालं, जत्रा भरली. पोर माझं बोट धरून देवळाच्या पायऱ्या चढली. आत्याबाई खालीच थांबल्या.

"नवस मोडला म्या. तुमी जावा."

किती विनवलं, हलल्या नाहीत. तेवढ्यात पोरीनं माझं बोट सोडलं. बसत-घसरत एकेक पायरी उतरली आणि आत्याबाईंचा पदर धरून वर ओढू लागली. त्या रडत होत्या, पण चढल्या.