येऊ का घरात?

कुठल्याही पेशंटजवळ जाण्याआधी रत्नाक्का पलंगाच्या लोखंडी दांडीवर बोटानं दोन टिचक्या मारायची आणि विचारायची, "येऊ का घरात?" जनरल वॉर्ड तो. पलंगाला पलंग लागलेला, मध्ये धड पडदा नाही, तिथं कसलं घर आणि कसलं दार! पण ऑपरेशनच्या भीतीनं गोठून बसलेली बाईसुद्धा ते ऐकून जराशी हसायची, पाय आवरून घ्यायची आणि म्हणायची, "या की." मग रत्नाक्का स्टूल ओढून बसायची. उभ्यानं ती पेशंटशी कधी बोलली नाही. "वरून बोललं की औषध कडू लागतं गं," असं तिचं म्हणणं.

नांदेडच्या एका खासगी दवाखान्यात आम्ही दोघी स्टाफ नर्स होतो. ती देगलूरची, माझ्याहून थोडी मोठी, म्हणून अक्का. माझं काम कागदावर चालायचं. ड्युटीवर आले की आधी यादी: कोणाचं सलाइन, कोणाचे टाके, कोणाचा एक्सरे. काम झालं की खूण. ती मला 'वहीबाई' म्हणायची. "वहीबाई, तुझ्या यादीत बघ बरं, मी जेवले का न्हाई?" तिच्या पेशंटच्या औषधांच्या वेळा मी सांभाळायची आणि माझ्या पेशंटची रडारड ती. हा व्यवहार दोघींनाही परवडत होता.

तिचं कसब खरं होतं, हे आधीच लिहून ठेवते. एकदा हिमायतनगरकडच्या एका पेशंटचे नातेवाईक डॉक्टरांना यायला उशीर झाला म्हणून काउंटरवर चालून आले. मी रजिस्टर उघडून फोन किती वाजता केला ते दाखवायला लागले. कोण बघतंय! रत्नाक्का आली ती सरळ सगळ्यात मोठ्यानं ओरडणाऱ्या म्हाताऱ्यासमोर.

"मामा, तुमीच थोरले दिसता ह्यांच्यात."

"हाव! मग?"

"मग आधी पानी प्या. घसा बसला तर डॉक्टर आल्यावर कोन वरडंल? ही पोरं तर नुसती मोबाईल धरून उभी हायेत."

म्हातारा पोरांकडे बघून हसला आणि बाकावर बसला. तो बसला तसे सगळे बसले. जाताना रत्नाक्का माझ्या कानात म्हणाली, "गर्दीशी बोलू नये, सरू. गर्दीतला एक मानूस धरावा."

मला लातूर हवं होतं. माझे मिस्टर लातूरला शाळेत शिक्षक, मुलगी ऋतुजा त्यांच्याजवळ राहून तिथंच शिकत होती. मी नांदेडला भाड्याच्या खोलीत राहायची आणि सुट्टी मिळेल तेव्हा बसनं जाऊन भाज्या निवडून, डबे भरून, युनिफॉर्मला इस्त्री करून परत यायची. पोर वयात येऊ लागली होती. फ्रिजवर चिठ्ठ्या चिकटवून आई होता येत नाही, एवढं मला कळत होतं. त्याच सुमारास लातूरच्या एका नव्या दवाखान्यात इनचार्ज सिस्टरची जागा निघाली. अनुभव माझ्याकडे होता. फक्त जाहिरातीत लिहिलं होतं की पेशंट आणि नातेवाइकांशी बोलण्याचं कौशल्य बघितलं जाईल, मुलाखतीत स्वतःच्या कामातला प्रसंग सांगावा लागेल.

मी सात प्रसंग लिहून रत्नाक्काकडे नेले. तिनं एकेक वाचून बाजूला केले. "हे काम झालं. मानूस कुठाय ह्यात? हेबी काम. हे तर नुसतं रजिस्टर." मग म्हणाली, "मी रजेवर होते तवा ते मंगळसूत्राचं काय झालं होतं? ते सांग."

तो प्रसंग मला यादीत घालण्यासारखा वाटलाच नव्हता. सायव्वा नावाची बिलोलीकडची एक पेशंट पित्ताच्या खड्यांच्या ऑपरेशनसाठी आली होती. ऑपरेशनला नेताना अंगावर धातू चालत नाही. ती मंगळसूत्र मुठीत धरून बसली, काढेना. नवरा जिता असताना गळा मोकळा करणार नाही म्हणाली. डॉक्टर वैतागून म्हणाले, तिचं पुढं ढकला. मी मेसमधून हळकुंड आणलं, गॉजच्या पट्टीतले धागे ओढून वळले, हळदीच्या पाण्यात बुडवले आणि त्यात हळकुंड बांधलं. भूलतज्ज्ञांना विचारून घेतलं. मग जिन्यात बसलेल्या तिच्या नवऱ्याला वर बोलावलं आणि त्याच्या हातानं तिच्या गळ्यात ते बांधवलं. सोनं नसेल तर आपल्याकडे हळकुंडावर लग्नं लागतात, हे तिला मी सांगायची गरजच नव्हती. तिनं आपण होऊन मूठ उघडली.

हे मी रत्नाक्काला असंच, पायरीपायरीनं सांगितलं.

"थांब थांब. हे काय डिस्चार्ज कार्ड वाचून राहिलीस?" ती म्हणाली. "मुठीपासून सुरू कर. मूठ कशी होती तिची?"

"घट्ट."

"घट्ट म्हंजे? नखं?"

"नखं पांढरी पडली होती."

"हां! आता बघ साहेब खुर्चीत पुढं सरकतो का न्हाई."

पंधरा दिवस ड्युटी संपली की ड्युटी रूममध्ये आमचा अभ्यास चालला. ती खुर्चीवर साहेब होऊन बसायची, चष्मा नाकाच्या टोकावर, आवाज पुणेरी. "हं, सिस्टर, स्वतःबद्दल काही सांगा." मी अडखळले की टेबलावर हात आपटून हसायची. कुठं थांबायचं, नवरा जिना चढून येतो तिथं आवाज कसा खाली आणायचा, धागा गॉजचा होता हे शेवटी कसं सांगायचं, सगळं तिनं बसवून घेतलं. शेवटच्या दिवशी माझं ऐकताना तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, जमलं.

मुलाखतीला ती सोबत आली. "मीबी अर्ज टाकलाय, नुसताच. तुला तिथं एकटीला धडधडंल म्हनून." मला बरंच वाटलं. तिचं नाव माझ्या आधी पुकारलं. बाहेर आली तेव्हा चेहरा फुललेला. माझ्या खांद्यावरून पदर सारखा करत म्हणाली, "जा. फिकर करू नको. लई गोड मानसं हायेत."

आत पांढऱ्या मिशांचे एक डॉक्टर आणि पुण्याहून आलेल्या एक मॅडम होत्या. प्रसंग सांगा म्हणाले. मी मुठीपासून सुरू केलं. नखं पांढरी पडली होती म्हटलं आणि मॅडमनी पेन खाली ठेवलं. डॉक्टरांकडे बघितलं. डॉक्टर खुर्चीत पुढं सरकले नाहीत, मागं टेकले.

"सिस्टर," मॅडम हळू आवाजात म्हणाल्या, "ही हळकुंडाची गोष्ट का?"

हळकुंडापर्यंत मी आलेच नव्हते.

"हो."

"ती आत्ताच ऐकली आम्ही. आधीच्या सिस्टरांकडून."

मी म्हटलं, "मॅडम, तो प्रसंग माझा आहे. पेशंट माझी होती." डॉक्टर हसले. वाईट नव्हतं ते हसणं. रांगेत मागून पुढं आलेल्या माणसाकडे बघून आपण हसतो तसं होतं. "असू दे, असू दे. दुसरा एखादा सांगा." मग मी बाजूला पडलेल्या सातांपैकी एक सांगितला. मॅडम ऐकताना मान हलवत होत्या आणि मला माझ्याच तोंडून रजिस्टर ऐकू येत होतं.

बसस्टँडवर रत्नाक्कानं उसाचा रस मागवला. मी ग्लास हातात घेतला नाही.

"माझी गोष्ट सांगितलीस तू."

तिनं नाही म्हटलं नाही. "निघून गेली गं तोंडातून. त्या बाईनं विचारलं, प्रसंग सांगा. माझ्याकडं काय कमी हायेत? पन तीच पुढं आली. पंधरा दिवस तीच घोळवून राहिलो ना आपन."

"स्वतःचीच म्हणून सांगितलीस."

"तर काय तुझं नाव घेऊ मुलाखतीत?"

"तुला माहीत होतं अक्का, मला लातूर कशाला पाहिजे ते."

ती ग्लासातल्या फेसाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मलाबी पायजे होतं. जन्मभर काय स्टुलावरच बसू? एकदा खुर्चीवर बसावं वाटत न्हाई मानसाला?" आणि माझ्याकडे न बघता: "गोष्ट तुझी हाय, हाव. पन सांगता मलाच येत होती. तू यादी वाचली असतीस, सरू."

ते वाक्य मी अनेकदा तपासून पाहिलं आहे. त्यात खोटं काही सापडत नाही, म्हणून ते जास्त लागतं.

जागा तिला मिळाली. तिनं खोली घेतली ती आमच्या घरापासून दोन गल्ल्यांवर. आणि मग तिनं जे केलं त्याचं मला अजून काय करावं कळत नाही: तिनं माझ्या मुलीला सांभाळलं. ऋतुजाला ताप आला की रात्रभर उशाशी. परीक्षा असली की डबा. फोनवर पोर सांगायची, "आज रत्नामावशीनं उकडपेंडी आणली. मावशी म्हणते, अभ्यासाला बसायच्या आधी पुस्तकावर टिचकी मारायची, येऊ का घरात म्हणायचं." मी "बरं" म्हणायची. नको म्हणायची सोय नव्हती. मी नांदेडला होते.

एका दुपारी रत्नाक्काचाच फोन आला. "ऋतूला आज पाळी आली. घाबरली होती. सगळं समजावून सांगितलं, गरम पानी दिलं, निजवलं. तू फिकर नको करू." मी वॉर्डात उभी होते. आईला पहिल्यांदा सांगायची गोष्ट मुलीनं तिला सांगितली होती, आणि ती माझ्यापर्यंत पुन्हा रत्नाक्काच्याच तोंडून आली. मी म्हटलं, "बरं केलंस." दुसरं काय म्हणणार? तिनं खरंच बरं केलं होतं.

पुढं मी नांदेडलाच इनचार्ज झाले. मिस्टरही बदली घेऊन आले, पण तोवर ऋतुजा शिकून मोठी झाली होती आणि तिनं नोकरी लातुरातच धरली. रत्नाक्का सणाला फोन करायची, मी उचलायची. हळकुंडाचा विषय दोघींनीही काढला नाही. मला वाटायचं, कधीतरी ती काढेल. टिचक्या मारून माणसाच्या घरात शिरणारी बाई, एक दिवस माझ्याही दाराशी येऊन त्या गोष्टीबद्दल बोलेल. ती हृदयविकारानं अचानक गेली, तेव्हा रडता रडता माझ्या मनात पहिला विचार हाच आला, की आता ते राहिलं.

शोकसभा तिच्याच दवाखान्याच्या हॉलमध्ये होती. ऋतुजा माझ्या शेजारी बसली होती, डोळे सुजलेले. पांढऱ्या मिशांचे ते डॉक्टर आता काठी घेऊन चालतात. ते उठले आणि म्हणाले, "रत्ना सिस्टर काय होत्या ते एका प्रसंगातून सांगतो. मुलाखतीत त्यांनी तो सांगितला आणि त्याच क्षणी आम्ही त्यांना निवडलं. त्या पेशंट बाईची मूठ इतकी घट्ट होती, की नखं पांढरी पडली होती..."

हॉल खुर्चीत पुढं सरकला. नवरा जिना चढून आला तिथं डॉक्टरांचा आवाज खाली आला. धागा गॉजचा होता, हे त्यांनी शेवटी सांगितलं. शिकाऊ मुली डोळे पुसत होत्या. त्यांना ती गोष्ट पाठ असावी, कारण काहींचे ओठ हलत होते.

मग सूत्रसंचालन करणारा तरुण अधिकारी माईकवर आला. "नांदेडच्या त्यांच्या सहकारी सरोजताई आज आपल्यात आहेत. हा प्रसंग त्यांनी प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहिलेला आहे. त्यांना विनंती करतो."

मी चार मुद्दे लिहून नेले होते. टिचक्या, स्टूल, हिमायतनगरचा म्हातारा, ऋतुजासाठी केलेलं सगळं. चारही बोलले. मनापासून बोलले, कारण चारही खरे होते. मग कागद घडी केला आणि पाचवं बोलले, जे कागदावर नव्हतं.

"ती हळकुंडाची पेशंट माझी होती. तिचं नाव सायव्वा. धागा मी वळला. रत्नाक्का त्या दिवशी देगलूरला भाच्याच्या लग्नाला गेली होती."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं आणि हसले, मुलाखतीत हसले होते तसेच. तरुण अधिकाऱ्यानं हळुवारपणे माईक परत घेतला. "बघा," तो म्हणाला, "मैत्री म्हणतात ती ही. इतकं एकरूप व्हावं, की एकीची गोष्ट दुसरीला स्वतःचीच वाटावी."

लोकांनी माना हलवल्या. पुढच्या रांगेतल्या एका बाईनं पदर डोळ्यांना लावला. मी जागेवर येऊन बसले. ऋतुजा माझ्याकडे न बघता, फक्त मला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाली, "आई, आज हे कशाला?"

शेवटी सगळे रांगेनं फोटोला फुलं वाहायला गेले. फोटोत ती इनचार्जच्या खुर्चीवर बसलेली होती, हसत, कुणाचं तरी ऐकून घेतल्यासारखी मान जरा कलती. पुढच्या शिकाऊ मुलींनी फूल ठेवलं आणि फ्रेमच्या कडेवर बोटानं दोन टिचक्या मारल्या. एकीनं, दुसरीनं, तिसरीनं. ऋतुजानंही मारल्या.

माझी पाळी आली. मी फूल ठेवलं. बोट फ्रेमपर्यंत गेलं होतं, ते मागं घेतलं. टिचक्या तिच्या होत्या.