घळीत मी देवाशी भांडले

बाबांच्या आजारपणात मी सोळा गुरुवार केले होते. बाबा गेले, आणि देवावरचा राग एडिनबरात येऊनही उतरला नाही. २००९च्या हिवाळ्यात आम्ही दोघं स्कॉटलंडच्या डोंगराळ हायलँड्समध्ये स्कीइंगला गेलो, तेव्हा त्यात नवऱ्यावरच्या रागाची भर पडली. हिमस्खलनाचा धोका असल्याचं सकाळच्या बुलेटिनमध्ये स्पष्ट म्हटलं होतं. तरी संदीपला पाइनच्या झाडांमधून सरळ खाली जाणारी ती अरुंद, उभी घळ उतरायचीच होती. “तू ना, उगाच घाबरतेस,” म्हणाला आणि निघालासुद्धा.

तिसऱ्या-चौथ्या वळणावर वरचा बर्फ सुटला. मी कडेला झाड धरून उभी होते. माझ्या डोळ्यांदेखत तो त्या पांढऱ्या लोटात नाहीसा झाला.

बर्फात गाडलेल्या माणसाचा ठाव लावणारा ट्रान्सीव्हर आम्हा दोघांच्याही अंगावर होता. घसरत खाली पोचले आणि माझा हातात धरून भिरभिरत राहिले. काहीच कळेना. तेव्हा मी देवाशी अक्षरशः भांडले. “आधी बाबा, आता हा. तुला काहीच कसं वाटत नाही?” माझ्या त्या बोलण्याला प्रार्थना कोणीच म्हणणार नाही.

तेवढ्यात झाडांमधून साठीच्या एक स्कॉटिश बाई स्कीवरून आल्या. माझ्या हातातलं यंत्र पाहून शांतपणे म्हणाल्या, “पोरी, हे अजून सिग्नल पाठवतंय. शोधावर टाक.” घाबरून मी ते बटणच फिरवलं नव्हतं. मग लगेच बीप ऐकू आला. दोघींनी पाठीवरच्या सॅकमधल्या फावड्यांनी उकरलं. कमरेइतक्या खोलीवर संदीपचं हेल्मेट दिसलं. त्याचा श्वास चालू होता.

त्यांची रोजची वाट डोंगराच्या पलीकडून होती. त्या दिवशी इकडून का आलात, असं विचारलं तर म्हणाल्या, “मनात आलं, एवढंच.”

पुढे लंडनमधल्या स्टॅनमोरला मित्राकडे जेवताना संदीप हा किस्सा पराक्रमासारखा रंगवू लागला. “देवाची कृपा,” कोणीतरी म्हणालं. माझा संयम सुटला. “त्या बाईंना देवाने पाठवलं असेल,” मी म्हटलं, “पण तुला त्या घळीत कोणीही पाठवलं नव्हतं, संदीप.” हातातला घास ताटात ठेवून तो म्हणाला, “माझं चुकलं.” हे तो त्या दिवसानंतर पहिल्यांदाच म्हणाला.

बाबा का गेले, हे मला आजही कळलेलं नाही. पण घळीत मी तावातावाने बोलले, तेही देवाने ऐकून घेतलं, आणि त्या माउलीला माझ्यापर्यंत आणलं. आता माझ्या हातात असेल ते मी करते, बाकीचं त्याच्यावर सोडते. राग आला, तर तोही त्यालाच सांगते.