मावंद्याच्या पाटावरचे शंकू

अण्णा, म्हणजे माझे वडील, बद्रीनाथहून परतले आणि पुढच्याच आठवड्यात फुलंब्रीच्या घरी मावंदं ठरलं. यात्रेहून आलेल्या माणसानं आणलेली गंगा पुजायची आणि भावकीला, गावाला पुरणपोळीचं जेवण घालायचं, ही आमच्याकडची रीत. मी शहरातून सकाळीच निघाले, तरी पोचेपर्यंत पूजा अर्धी उरकली होती. चप्पल काढून ओसरीवर पाय टाकला आणि पाटाकडं नजर गेली.

पाटावर गंगेचा गडू होता, विड्याची पानं होती आणि गडूला लागून पाइनचे चार शंकू. वहिनीनं त्यांना हळदकुंकू वाहिलं होतं. बद्रीनारायणाच्या डोंगरावरची लाकडी फुलं म्हणून बायका त्यांच्यापुढं डोकं टेकत होत्या.

मी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. आपल्या भागात पाइन नाही. आमची पोरं सुरूच्या झाडालाच पाइन समजतात. म्हणून मी टेबलावर नुसते शंकू मांडते आणि झाड ओळखा म्हणते. चुकलं की गुण कापते, दयामाया नाही. बद्रीनाथच्या वाटेवर चीड नावाचा पाइन लागतो. त्याचा शंकू जाडजूड, खवल्यांची टोकं आकड्यासारखी मागं वळलेली. आणखी वर गेलं की कैल. त्याचा लांबट, वीतभर, पातळ खवल्यांचा, हाताला डिंक लावणारा. पाटावरचे शंकू यातले कुठलेच नव्हते. लहान, एका अंगाला तिरपे, देठ नसल्यासारखे, घट्ट मिटलेले आणि चारही एकाच काटकीला बिलगून बसलेले. हा पटुला पाइन. मूळचा मेक्सिकोचा, आपल्याकडं त्याची रानं लावली ती दक्षिणेत, निलगिरीच्या डोंगरावर. उटीला सहल नेली होती तेव्हा मी त्या रानात दिवसभर पोरांना घेऊन फिरले होते.

आधी मनाची समजूत घातली. वनखात्यानं तिकडंही कुठं चार झाडं लावली असतील. नमस्काराच्या निमित्तानं वाकून पुन्हा पाहिलं. नाही, अगदी तेच. आणि अण्णा एकटे गेले नव्हते. त्यांच्याबरोबर आई होती.

आईच्या अस्थी आम्ही पैठणला सोडल्या होत्या, पण थोड्या उत्तरेतल्या गंगेसाठी मागं ठेवल्या होत्या. लोट्याला कापड बांधून तो गोठ्याच्या आढ्याला टांगलेला असायचा. वर्षश्राद्ध झालं तसे अण्णा तो घेऊन निघाले. भावानं त्यांना स्टेशनवर सोडलं. यात्रेची मंडळी मनमाडला भेटणार आहेत म्हणून त्यांनी त्याला फलाटावर थांबूसुद्धा दिलं नाही. फोन साधा, म्हणजे फोटोंचा प्रश्नच नव्हता. अधूनमधून "हितं रेंज नाय" एवढंच ऐकू यायचं. आम्हीही खोदून काही विचारलं नाही. जन्मात खोटं न बोललेल्या माणसाला काय विचारायचं?

अण्णा मागच्या अंगणात चुलाणावरची आमटी ढवळत होते. मी जवळ जाऊन हळूच म्हणाले, "अण्णा, तुम्ही बद्रीनाथला गेलाच नाहीत."

पळी थांबली. "कुणी सांगितलं?"

"ते शंकू तिकडचे नाहीत. उटीचे आहेत."

त्यांनी जाळातलं लाकूड आत सारलं. "त्येबी कळतं व्हय? मला वाटलं, समदी सारखीच असत्यात."

"आई कुठं आहे?"

"तिथंच. झाडाखाली."

ओसरीवर अख्खा गाव त्या गडूपुढं वाकत होता. भावाला कळलं असतं तर त्यानं बापाशी बोलणं टाकलं असतं. आणि आत्यानं, म्हणजे अण्णांच्या थोरल्या बहिणीनं, भावजयीला गती मिळाली नाही म्हणून तिथंच ऊर बडवून घेतला असता.

"मग गडूत काय आहे?"

"गोदावरी. येताना पैठणला जाऊन भरून आणली. आपून तिलाबी गंगाच म्हणतो की."

"पण का, अण्णा?"

"तू सहलीचे फोटू दाखवले व्हते. लई डाव बघायची ती. म्हणायची, हितं ऊन खाली येतच नाय बघा, एकदा जाऊन निवांत बसू. मी म्हणायचो, बघू पुढल्या साली." त्यांनी पळी पुन्हा फिरवायला घेतली. "समदा जन्म उन्हात गेला तिचा. गंगंत सोडली असती तर वाहून गेली असती, पोरी. तिला बसायचं व्हतं."

मला पदर डोळ्यांवर ओढून भर दुपारी कापूस वेचणारी आई दिसत राहिली.

तेवढ्यात आतून आत्याची हाक आली. मी ओसरीवर गेले. तिनं शंकूंची काटकी ओंजळीत धरली होती. "तू झाडांची मास्तरीण," ती म्हणाली, "सांग बरं समद्यांना, कोणत्या झाडाची हायेत ही?"

सगळ्या बायका माझ्याकडं बघायला लागल्या. भाऊही बघत होता. अण्णा पळी घेऊनच मागच्या दारात येऊन उभे राहिले होते.

"देवदाराची," मी म्हणाले.

देवदाराचा शंकू झाडावरच खवला खवला सुटून विखुरतो. तो असा मिटलेला, काटकीला चिकटून कधीच मिळत नाही. पहिल्या वर्षाच्या पोरानं हे उत्तर दिलं असतं तर मी त्याला शून्य दिलं असतं.

आत्यानं काटकी कपाळाला लावली. "देवाचंच झाड म्हणायचं. लई मोठं असतंय का? सावली पडती?"

"पडते, आत्या. दाट पडते. खाली ऊन पोचतच नाही."

अण्णांनी उपरण्यानं तोंड पुसलं. मग वहिनीनं पंगत बसल्याचं सांगितलं आणि ते आमटी वाढायला गेले.