माझा खुबा आणि रफीकभाईचा पाना

तिघं जण रोज सकाळी सायकली काढतात आणि त्यातल्या एकाचा खुबा झिजलेला आहे. एवढ्या भांडवलावर किस्से साठायला वर्षसुद्धा लागत नाही! अमरावतीच्या आमच्या तिघांत तो खुबा माझा. उजवा. संधिवात. खुर्चीतून उठताना आत कोणी खिळा ठोकतंय असं वाटायचं. एक्स-रे पाहून इथले डॉक्टर म्हणाले, "सायकल सोडू नका. पण ती अंगाला नीट बसवून घ्या."

त्या बसवून घेण्यातच पुढचं सगळं घडलं.

*

पहिल्यांदा सीट. पेडल वर येताना मांडी जितकी कमी उचलावी लागेल तितका खुबा सुखी, म्हणून सीट उंच हवी. आमच्यातल्या रफीकभाईचं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे. त्यानं सीट वर केली. चौकापर्यंत जाऊन आलो, तर कंबर डुलत होती. म्हटलं, "थोडी खाली." मग वाटलं, फारच खाली गेली. "थोडी वर."

आठव्या खेपेला त्यानं पाना खाली ठेवला.

"सर, हे सीट हाय का लिफ्ट? कोन्त्या मजल्यावर उतरता, ते एकदा सांगा!"

*

सीट उंच झाली आणि नवीच भानगड. सिग्नलला पाय जमिनीला पुरेना. उतरावं, तर परत बसताना पाय दांडीवरून पलीकडे टाकायचा. दुखणं नेमकं तिथंच! म्हणून एकदा चौकात शेजारच्या ऑटोचा दांडा धरून उभा राहिलो.

ऑटोवाल्यानं मान बाहेर काढली. "काका, कुठं जाचं हाय?"

"कुठंच नाही. हिरवा लागेपर्यंत धरू द्या फक्त."

आत बसलेली बाई लगेच पिशव्या मांडीवर घेऊन सरकली. "असे लटकून काहून उभे हाय? या ना आत, उलीशी जागा हाय!"

*

मग रफीकभाईनं क्रँक बदलले. क्रँक म्हणजे पेडल ज्याला लावतात तो दांडा. तो आखूड असला की पाय लहान गोलात फिरतो आणि खुबा कमी वाकतो. माझ्या सायकलला पोरांच्या सायकलचे आखूड क्रँक लागले. गिअरही अगदी हलका. दुखणं निम्म्यावर आलं, पण पाय शिलाई मशीनसारखे फिरायला लागले.

बडनेरा रोडवर मेथीच्या जुड्या लादलेला एक सायकलवाला मागून आला, थोडा वेळ शेजारून चालला, माझ्या पायांकडे बघत.

"काका, पाय तं लई जोरात पळून राहिले तुमचे. सायकल काहून मांगं राहून राहिली?"

आणि गेला पुढे!

*

शोभाताई आमच्यातल्या तिसऱ्या. निवृत्त मुख्याध्यापिका. आम्हाला अजून वर्गातल्या पोरांसारखं वागवतात. त्या पहिल्यापासून सांगत होत्या, "लेडीज सायकल घ्या. मधे दांडी नाही, पाय उचलायचं काम नाही." मी टाळत होतो. एक दिवस बोलून गेलो, "ताई, माणसाला काही इज्जत असते."

त्यांनी ब्रेक लावला, खाली उतरल्या.

"वानखडे, इज्जत काय दांडीवर टांगून ठेवली हाय तुमी?"

पुढच्या आठवड्यात सायकल आली. लेडीज, पुढे बास्केट. आणि दुकानात शिल्लक होता तो एकच रंग. गुलाबी!

*

त्या सायकलवर आधीचेच क्रँक चढवले, सीट बेतशीर केली, हँडल उंच करून जवळ घेतलं, म्हणजे पुढे वाकायला नको. मी पाय मधून टाकला. बसलो. गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन परत आलो, उतरलो. खिळा नाही, कळ नाही, काहीच नाही. दोन वर्षांत पहिल्यांदा. डोळे भरून आले.

रफीकभाई घाबरला. हातात पाना घेऊनच धावत आला.

"काय झालं सर? सीट वर करू?"

*

घरी बायकोनं, सुनंदानं, सायकलीभोवती फेरी मारली. "तुमच्या खुब्याले बरी हाय," म्हणाली. मग बास्केटमध्ये हात घालून खोली पाहिली. "याच्यात कोबीचे दोन गड्डे सहज मावतात."

तेव्हापासून आमची राइड भाजीबाजारातूनच जाते.

*

ऑपरेशन करावं की नाही, हे विचारायला अकोल्याच्या एका मोठ्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी फोनवर सांगितलं होतं, चालवता ती सायकल घेऊन या. वरूडचा भाचा संत्री घेऊन अकोल्याला निघालाच होता, त्याच्या पिकअपमध्ये सायकल टाकली. मी धास्तावलेलोच होतो. डॉक्टरांनी एक्स-रे पाहिला, मला कंपाउंडमध्ये सायकल चालवायला लावली आणि म्हणाले, "ऑपरेशन आत्ता नको. हेच चालू ठेवा."

माझा जीव भांड्यात पडला. पण डॉक्टर जागचे हलेनात. सायकलकडेच बघत होते.

"हिच्यावर बसताना पाय मागून टाकावा लागत नाही?"

"नाही."

"अजिबात?"

तेव्हा माझं लक्ष गेलं. डॉक्टर सगळा भार उजव्या पायावर टाकून उभे होते. मी हळूच विचारलं, "कोणता?"

त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. "डावा."

मी हँडल त्यांच्या हातात दिलं. पांढरा कोट सावरून ते बसले आणि निघाले. हॉस्पिटलच्या इमारतीला एक फेरी. दुसरी. बाकावरचे पेशंट उठून उभे राहिले. तिसऱ्या फेरीला त्यांनी घंटी वाजवली!

आत काउंटरवरचा फोन वाजला. सिस्टरनं रिसीव्हर कानाला लावला आणि खिडकीतून बाहेर पाहिलं. डॉक्टर मान खाली घालून चौथ्या फेरीला वळत होते.

"थांबा लागंल," ती म्हणाली. "डॉक्टर राउंडवर आहेत."